पाहुण्यांचा फ्लश

आमच्या घरात काही गोष्टी फक्त पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. काचेच्या कपबश्या, फुलांची चादर आणि संडासातला फ्लश. कपबश्या आणि चादर बहुतेक घरांत राखलेल्या असतात. फ्लश राखणारं दुसरं घर मला ठाऊक नाही. पण लातुरातल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसत नाही, नुसती मान हलवतो.

घरच्यांनी बादली वापरायची. बादलीतलं पाणीही कपडे धुतल्याचं, म्हणजे एकदा कामाला येऊन गेलेलं. पाहुणा आला की मात्र माझी बायको त्याला सांगायची, "दांडी दाबा बिनघोर. पाणी हाय." आतून पाणी धबधबा कोसळल्याचा आवाज आला की तिचा चेहरा खुलायचा. जेवणाऱ्याच्या ताटात तुपाची धार सोडताना तिचा चेहरा असाच व्हायचा. पाहुणे गेले की ती चादरीची घडी घालायची, कपबश्या विसळून कपाटात ठेवायची आणि मग घराच्या मागच्या बाजूला जाऊन यायची. मागे कशाला जाते हे मी कधी विचारलं नाही. हात धुवायला जात असेल, असं मला वाटायचं.

ती गेली पावसाळा संपता संपता. तो पावसाळाही नावालाच झाला होता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात पांढऱ्या कपड्यांची दाटी झाली. शिरूर अनंतपाळकडची तिच्या माहेरची माणसं, लोह्याकडची माझी. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं काही दिवस राहिली, मग एकेक करून गेली. मुलीनं चादरींच्या घड्या घातल्या, कपबश्या ठेवल्या आणि तीही नांदेडला आपल्या घरी गेली. मागच्या बाजूला कुणी गेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात धरणाचा तळ दिसला. नळाला पाणी यायचं अंतर वाढत गेलं आणि मग लोकांनी नळाकडं बघणंच सोडलं. गल्लीत टँकर येऊ लागला. गच्चीवरच्या काळ्या टाकीत टँकरवाला पाइप सोडायचा, टाकी भरायची आणि मी निश्चिंत व्हायचो. मी एकटा माणूस. सकाळी अंघोळीला एक बादली, स्वयंपाकाला घागरभर. तेवढ्यावर पुढच्या टँकरपर्यंत सहज निघायला हवं होतं. पण टँकर यायच्या कितीतरी आधी नळातून नुसती हवा येऊ लागायची.

शेजारी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर राहतात. गल्ली त्यांना ड्रायव्हरमामा म्हणते. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे. एका सकाळी मी टाकीचं झाकण उघडून आत वाकून बघत होतो, तेव्हा ते कठड्यावर हात टेकून म्हणाले, "सर, तुमच्या टाकीला पाय फुटले का?"

"तसंच दिसतंय."

"एकटा माणूस, अन् पाणी वऱ्हाडाएवढं. गुपचूप पाहुणे ठेवले की काय?"

मी हसलो. संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा हेच तिला हसत सांगितलं. ती हसली नाही.

"बाबा, कुणी नेत असंल. टाकीला कुलूप लावा. लातुरात सगळेच लावून राहिलेत."

"इथं कोण नेणार?"

"मग जातं कुठं? तुम्हाला कळत न्हाई ना? मग इकडं या. इथं नदी हाय, नळाला पाणी हाय. पाण्यावाचून म्हातारा माणूस एकटा ठेवायचा अन् मी इथं झोपायचं, हे मला जमणार न्हाई. पुढल्या रविवारी न्यायला येते. घर बंद करू."

घर बंद करू, हे ती सहज बोलली. तिच्या जागी मीही तेच बोललो असतो. पण फोन ठेवल्यावर मी या खोलीतून त्या खोलीत उगाच फिरत राहिलो. मला जायचं नव्हतं. कारण विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. स्वयंपाकघरातल्या फळीवर तिनं सोलून, मीठ लावून, गोळे करून ठेवलेली चिंच अजून होती. खिडकीत नीळ होती. दाराच्या मागे तिची छत्री होती. नांदेडला यातलं काहीही नेता आलं असतं, पण फळी, खिडकी आणि दार नेता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप आणलं. टाकीच्या झाकणाला कडी होती, तिच्यात अडकवलं. मामा त्यांच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. त्यांनी मान वर करून कुलपाकडं बघितलं. मग म्हणाले, "कुलूप कुणासाठी, सर?"

"कुणासाठी न्हाई, असंच."

"हितं गच्चीवर मी अन् कबुतरं. कबुतरांना झाकण उघडत न्हाई."

आणि ते मिरच्या तशाच टाकून खाली गेले. इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला मी असं दुखावलं होतं आणि कुलपामागे टाकी पूर्वीसारखीच रिकामी होत होती. म्हणजे पाणी घरातूनच जात होतं.

एक आवाज मला हिवाळ्यापासून ठाऊक होता. दुपारी जेवण झाल्यावर मागच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलो की कुठून तरी बारीक सळसळ यायची. कुणीतरी सुपात ज्वारी घोळत असावं तशी. ती असताना दुपारी हाच आवाज असायचा. ती दाराशी सूप घेऊन बसायची आणि मी वाचायचो. ती गेल्यावरही दुपारचा तो आवाज येत राहिला आणि मला तो बरा वाटत राहिला. पाइपात हवा असेल, शेजारी कुठं पंखा असेल, असं काहीतरी मनाशी म्हणून मी पान उलटायचो. उठून बघावंसं वाटलं नाही.

त्या दुपारी मात्र पुस्तक मिटून उठलो आणि आवाजाच्या मागे गेलो. मोरीत आवाज कमी होता. संडासाचं दार उघडलं तर तो स्पष्ट ऐकू आला.

आमच्या संडासाची गोष्ट घराच्या आधीची आहे. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या उघडत होत्या, जिकडंतिकडं चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट होते. माझी नांदेडहून इथल्या कॉलेजात बदली झाली आणि तिला प्राथमिक शाळेत जागा मिळाली. आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. सगळ्या भाडेकरूंना मिळून परसात एक संडास. सकाळी रांग. घरमालकीण आम्हाला आडनाव विचारून झाल्यावर आमच्या टमरेलासाठी वेगळा कोपरा दाखवून गेली होती. माझ्या बायकोनं टमरेल तिथं ठेवलं. पण प्लॉट घेतला त्या दिवशी ती म्हणाली, "आधी संडास बांधायचा. घर मागून."

मी समजावून पाहिलं. गवंड्यानं समजावून पाहिलं. "बाई, आधी पाया, मग भिंती, संडास सगळ्यात शेवटी असतोय." ती म्हणाली, "आमच्याकडं न्हाई."

भांडं घ्यायला दुकानात गेलो तेव्हा तिनं मला तिच्या गावचं सांगितलं. दुकानदार भांडी काढून आणायला आत गेला होता, तेवढ्या वेळात. त्यांच्या वस्तीतल्या बायांना पहाटे ओढ्याकडं जावं लागायचं. ज्याचा बांध होता त्यानं एका वर्षी ओढ्याकाठची ती पट्टी नांगरली, मग त्याच्याही पुढं जावं लागलं. दिवसा पोटात दुखलं तरी अंधाराची वाट बघायची. शाळेत असताना ती सकाळी पाणीच प्यायची नाही. हे सगळं तिनं भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत सांगितलं आणि दुकानदार आल्यावर म्हणाली, "ह्याला चीर हाय. दुसरं दाखवा."

तर त्या उघड्या प्लॉटवर आमचा संडास एकटाच उभा राहिला. वर पत्रा, दाराला कुलूप. घराचा पत्ता नाही आणि संडासाला कुलूप, यावर तिच्या शाळेतले सगळे शिक्षक हसले. आम्ही रोज संध्याकाळी भाड्याच्या खोलीतून निघून तिकडं चालत जायचो. तिच्या हातात पाण्याची कळशी, माझ्या हातात किल्ली. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की विचारायचं, "सर, फिरायला का?" ती उत्तर द्यायची, "हाव, घराकडं." आधी ती जायची, मी बाहेर दगडावर बसायचो. मग मी. मग दोघंही त्या दगडावर बसून जिथं स्वयंपाकघर होणार होतं तिकडं बघायचो. आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी फिरायला गेलो असेन. परत जायला मिळालं तर त्या वाटेनं जाईन.

फ्लशची टाकी आली पुष्कळ नंतर, मुलीला बघायला नांदेडची माणसं येणार होती तेव्हा. "त्यांच्याकडं फ्लश असंल," ती म्हणाली आणि सुट्टी काढून प्लंबरच्या डोक्यावर उभी राहिली. त्यानं काय कुठं बसवलं हे तिनं बघून ठेवलं आणि त्यानंतर आमच्या घरी प्लंबर आला नाही. सोयरीक जमली. पाठोपाठ पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि फ्लश पाहुण्यांचा झाला. मुलगी माहेरी आली की यावरून दोघींची दर खेपेला जुंपायची.

"तू दांडी दाब. तू पाहुणी."

"मी काय पाहुणी हाय का? बादली कुठं ठेवली?"

"माहेरी आलेल्या लेकीनं बादली उचलायची न्हाई. दाब म्हणते ना."

दुरुस्तीच्या वेळी माझं काम बॅटरी धरायचं. ती स्टुलावर उभी राहून टाकीत हात घालायची आणि मी खालून उजेड धरायचो. मी तिला एकदा पाण्याच्या दाबाबद्दल काही सांगायला गेलो, तर म्हणाली, "हे वायसर कुठून गळतंय ते तुमच्या पुस्तकात हाय का? न्हाई ना? मग बॅटरी धरा." थोड्या वेळानं पुन्हा, "अहो, उजेड इकडं. माझ्या तोंडावर न्हाई." उजेड घसरत घसरत तिच्या तोंडावर जायचा. काम करताना ती जिभेचं टोक ओठांत धरायची, शाळकरी पोरीसारखं.

त्या दुपारी संडासात उभा राहून मी आधी तिनं केलं असतं ते केलं. खिडकीतली नीळ आणली. टाकीचं झाकण बाजूला ठेवलं आणि आतल्या पाण्यात नीळ सोडली. मग खाली बसून भांड्याकडं बघत राहिलो. थोड्याच वेळात भांड्याच्या मागच्या बाजूनं एक निळी रेघ हळूहळू खाली उतरली. पांढऱ्यावर निळी. आमचं टँकरचं पाणी महिनोन्‌महिने याच वाटेनं जात होतं, बिनरंगाचं होतं म्हणून दिसत नव्हतं.

गळती सापडली. पण ती वरून होती की खालून, हे ठरवायचं होतं. वर तरंगणारा गोळा असतो. टाकी भरली की त्यानं येणारं पाणी अडवायचं. तो नीट अडवत नसेल तर पाणी मधल्या नळीच्या तोंडावरून ओसंडून भांड्यात जातं. नाहीतर मग टाकीच्या बुडाशी रबराचं वायसर असतं, ते झिजलं की पाणी खालून झिरपतं. तिची रीत मला आठवली. पाणी जिथं होतं तिथं मी पेन्सिलीनं खूण केली. आता येणारं पाणी बंद करून बघायचं होतं. पाणी खुणेपाशीच राहिलं तर दोष गोळ्याचा, पाणी खाली उतरलं तर वायसराचा.

येणारं पाणी कुठून बंद करायचं, हे मात्र मला माहीत नव्हतं. पाइपावर हात फिरवत गेलो. पाइप भिंतीतून बाहेर गेला होता. मी घराच्या मागच्या बाजूला गेलो. तिथं तुळई आणि जुन्या फरशा टेकवून ठेवल्या होत्या, त्यांच्या मागे भिंतीवर पितळी कॉक होता. त्याच्या मुठीला तिच्या जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळलेला होता, हाताला रुतू नये म्हणून. कॉक पूर्ण उघडा होता.

पाहुणे गेल्यावर ती इथं यायची तर. पाहुणे यायच्या आधी उघडायचा, गेल्यावर बंद करायचा. वायसर कधीचं झिजलेलं असणार, तिला ते ठाऊक असणार, आणि बदलायला सवड मिळेपर्यंत तिनं ते असं चालवून घेतलं होतं. तिच्याच पुण्यानुमोदनाला आलेल्यांपैकी कुणीतरी तो उघडला आणि बंद करणारी नव्हती.

मी काठावर हात ठेवून कॉक फिरवला. आत जाऊन पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही. हळूहळू सुपातली ज्वारी संपत आली आणि आवाज थांबला. बघायला गेलो तेव्हा पाणी खुणेच्या बरंच खाली होतं. म्हणजे वायसरच.

खरं तर काम तिथंच संपलं होतं. पाणी वाचलं होतं. मुलीला फोनवर तसं सांगितलं.

"म्हणजे आता फ्लश बंद?" ती म्हणाली.

"बादली हाय की."

"बाबा, बघा आता. आधी बागेतली झाडं गेली, मग कूलर, आता फ्लश. घर एकेक करून बंद पडून राहिलंय अन् तुम्ही आत बसलात. मी रविवारी येतेय. बॅग भरा."

मी रात्रभर त्याचाच विचार केला असं नाही, झोप लागली. पण सकाळी उठलो तेव्हा मला नीट कळत होतं की पाहुण्याला 'दाबा बिनघोर' म्हणता येणार नाही असं घर तिला चाललं नसतं. आणि मुलीला ते बंद पडलेलंच घर वाटलं असतं.

प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, "सर, ह्या दिवसांत फ्लश कोण दुरुस्त करतंय? गाव सगळं बोअर मारून राहिलंय. पाऊस पडल्यावर नवाच बसवू." मी बिस्किटाचा जुना डबा काढला. त्यात तिची पक्कड, खिळे, सुतळी आणि सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा होता. तुकड्याचा एक गोल आधीच कापलेला होता.

स्टुलावर मी चढू शकत होतो. पण एका हातानं झडप वर उचलून दुसऱ्या हातानं वायसर काढायचं तर बॅटरी धरायला कुणी नव्हतं. बॅटरी दातांत धरून पाहिली, कवळी हलली. मग मी गच्चीवर गेलो, टाकीचं कुलूप काढलं आणि कठड्यापाशी उभा राहिलो. मामा आले, पण माझ्याकडं बघितलं नाही.

"मामा, चोर सापडला."

"कोण?"

"घरातलाच. संडास."

त्यांनी वळून बघितलं. माझ्या हातातलं कुलूप त्यांना दिसलं. "अन् मी इतके दिवस कबुतरांशीच बोलून राहिलो," ते म्हणाले.

"जरा बॅटरी धरता का?"

ते आले. धोतराचा सोगा खोचून संडासाच्या दारात उभे राहिले. "बाईंनी तुम्हाला काही शिकवलं न्हाई का?"

"बॅटरी धरायला शिकवलं."

"अन् आता मला धरायला लावता."

टाकीच्या बुडाशी हात घातला तर एक बाटली लागली. वाळूनं भरून बूच घट्ट लावलेली. ती आत असल्यानं टाकीत तेवढं पाणी कमी मावायचं. पाहुण्यानं दाबलं तरी आवाज पुरता यावा आणि पाणी थोडंच जावं, अशी तिची सोय. मी ती जपून बाहेर काढून ठेवली. मग झडप. तिच्या खाली वायसर होतं, तेही ट्यूबचंच, तिच्या कात्रीनं कापलेलं. एका बाजूला कात्री जरा घसरली होती, तिथं कड वाकडी होती. ते लाकडासारखं कडक झालं होतं. डब्यातलं नवं त्या जागी बसवलं.

"मामा, उजेड इकडं. माझ्या तोंडावर न्हाई."

बोलून गेल्यावर मी थोडा थांबलो. मामांना वाटलं वायसर निसटलं. "सावकाश," ते म्हणाले.

कॉक उघडला, टाकी भरली, पुन्हा नीळ सोडली. दोघंही भांड्याकडं बघत बसलो. निळी रेघ आली. पहिल्याहून बारीक, पण आली.

"वायसर तर नवं हाय," मामा म्हणाले.

मी पाणी सोडून दिलं आणि झडप जिथं बसते त्या कडेवरून बोट फिरवलं. कड खरखरीत लागली. इथल्या जड पाण्याचा क्षार वर्षानुवर्षं तिथं थरावर थर बसला होता. त्यावर कितीही मऊ रबर ठेवलं तरी फट राहणारच. घासायला गेलो तर निघेना, आणि चाकूनं खरवडलं तर प्लास्टिक जाईल.

पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबावर असाच थर बसायचा. ती चिंच लावून ठेवायची. दुपारी लावायची, संध्याकाळी हातानं पुसलं की निघायचं.

फळीवर चिंचेचे गोळे होते. तिनं शेवटच्या उन्हाळ्यात अंगणात बसून चिंचोके काढलेले, मीठ लावून हातानं वळलेले. त्यांच्यावर तिच्या बोटांच्या खुणा होत्या, किंवा मला तशा दिसत. ती गेल्यावर मी आमटीत चिंच घालणं सोडलं होतं. संपली असती. मुलगी एकदा एक गोळा मागत होती, मी तिला बाजारची चिंच आणून दिली.

मी बरणी घेऊन टेबलाशी बसलो. मामा दारात उभे होते. त्यांनी बरणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बाजारात मिळतीय की चिंच," ते हळूच म्हणाले. "मी आणून देतो."

मी हो म्हणणार होतो. मग मला ती दिसली. संडासासाठी बाजारातून चिंच आणायची आणि घरची बरणीत ठेवून तिच्याकडं बघत बसायचं, हे तिला कळलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. तिनं ती चिंच कामासाठीच करून ठेवली होती. आणि हा संडास तिला घराच्या आधी हवा होता.

एक गोळा कोमट पाण्यात भिजवला. तो लगेच सुटला नाही, मी बोटांनी मोकळा करत राहिलो. मग तो कोळ टाकीतल्या त्या कडेवर सगळीकडून दाबून बसवला. संडासात चिंचेचा वास भरला. आमटी उकळत असावी तसा. मामा म्हणाले, "भूक लागली राव," आणि जेवायला गेले.

संध्याकाळी उजेड असतानाच कड पुसली. पहिल्यांदा थोडंच निघालं. पुन्हा कोळ लावला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसलं. तेव्हा कड बोटाला गुळगुळीत लागली. वायसर बसवलं, वाळूची बाटली होती तिथं ठेवली. नीळ सोडली आणि स्टुलावर बसून राहिलो. भांडं पांढरं राहिलं. पुष्कळ वेळानंही पांढरंच होतं.

रविवारी मुलगी आली. दारातच तिनं माझी रिकामी बॅग बघितली. हातपाय धुऊन आली, चहा झाला. काचेच्या कपांत. तिच्यासाठी मी फुलांची चादर घातली होती. तिनं ती बघितली. मग ती मागे गेली आणि तिथूनच म्हणाली, "बाबा, बादली कुठं हाय?"

"दांडी दाब."

"चालतोय?"

"दाब बिनघोर. तू पाहुणी."

तिकडून कडी लागल्याचा आवाज आला. मग पाणी धबधबा कोसळलं. मग टाकी भरायला लागली, बारीक होत होत तो आवाजही थांबला. आम्ही दोघंही ते ऐकत होतो, ती तिकडं आणि मी इकडं. त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "चिंचेचा वास येतोय आत," ती म्हणाली.

"तुझ्या आईची."

ती स्वयंपाकघरात गेली, बरणी उघडून बघितली, झाकण लावलं. जेवताना गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते विचारलं, मामांना हाक मारून त्यांच्याकडूनही खात्री करून घेतली. ते कठड्यावरून म्हणाले, "सर आता प्लंबर झालेत. माझ्याकडचा बी नळ दाखवायचा हाय." चार वाजता ती निघाली. दारात चप्पल घालताना म्हणाली, "पाऊस पडेपर्यंत बघू. पण पुन्हा टाकी रिकामी झाली तर मी विचारणार न्हाई, सरळ घेऊन जाणार."

"बरं."

"अन् आमटीत चिंच घालत जा. खराब होईल ती."

रिक्षा वळेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. मग आत आलो. फुलांच्या चादरीची घडी घातली. तिच्यासारखी काठाला काठ जुळत नाही माझ्याकडून, पण घातली. कपबश्या विसळून कपाटात ठेवल्या. आणि मग मागच्या बाजूला गेलो, फरशांच्या मागे हात घातला, लुगड्याच्या काठावर मूठ धरली आणि कॉक बंद केला.

दुपार कलली होती. थोडा वेळ मी भिंतीशी तसाच उभा राहिलो, कान देऊन. सुपाचा आवाज येत नव्हता.